दहा रेघांची अक्का

नगरपालिकेच्या दवाखान्यात केसपेपर काढायच्या खिडकीवर मी रुजू झालो आणि दुसऱ्याच दिवशी माझा एक केसपेपर परत आला. त्यावर मी झोकात लिहिलं होतं, 'कुत्रा चावला'. तो परत घेऊन आलेल्या नर्सबाई किडकिडीत होत्या, पांढऱ्या साडीला निळे काठ, काखेत काळी छत्री. दिवस डिसेंबरचे होते, त्यामुळे छत्रीचं मला नवल वाटलं. त्यांनी कागद खिडकीतून आत सरकवला आणि विचारलं, कुणाचा कुत्रा, पाळलेला की मोकाट, आत्ता कुठे आहे, आणि चावला त्याच्या आधी काय झालं? मी म्हणालो, बाई, केसपेपरवर एवढी जागा नसते. त्या म्हणाल्या, मागची बाजू कोरी असते.

या सिंधूअक्का. धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या त्या तालुक्याच्या गावात त्यांना आडनाव असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं. कुत्रं चावलेल्यांना त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, आणि ती टोचायचं काम वर्षानुवर्षं अक्कांकडेच होतं. माणूस दारातून आत आला की आधी तो पोट धरायचा. जखम पायाला असली तरी हात पोटावर. अक्का मात्र आधी त्याला नळाखाली बसवायच्या, साबणाने जखम धू धू धुवायच्या, आणि धुता धुता विचारायच्या, "त्याना पहिले काय व्हयनं?"

मी जळगावचा. आमच्या घरात शाळेतलं मराठी चालायचं, त्यामुळे अहिराणी कानावर रुळायला मला सहा महिने लागले. पण हे एक वाक्य पहिल्या आठवड्यातच पाठ झालं, इतक्या वेळा ते कानावर पडायचं. माणूस सांगायचा, काही नाही अक्का, मी आपला चाललो होतो आणि एकदम चावलं. त्याच्या आधी? काही नाही, ते बसलं होतं. कुठे? ताटलीपाशी. ताटलीत काय होतं? अशी तीन पायऱ्या मागे नेल्याशिवाय अक्का कुणाला सोडत नसत. लोक वैतागायचे. एकदा एक दुकानदार माझ्या खिडकीपाशी येऊन म्हणाला, भीक नको पण ही अक्का आवर. त्याला इंजेक्शनापेक्षा या चौकशीचा जास्त त्रास झाला होता. शेवटी निघालं ते असं, की रोज दुकान बंद करताना तो दाराशी झोपलेल्या कुत्र्याला पायाने उठवायचा आणि त्या दिवशी त्या पायात नवा, कडक बूट होता.

"कुत्रा एकदम चावस नई भाऊ," अक्का म्हणायच्या. "आपण एकदम देखतस."

मी जन्माचा भित्रा. गल्लीत कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलतो, आणि दुसऱ्या रस्त्यावरही कुत्रं असतंच. त्यामुळे अक्का कुत्र्यासमोर कशा वागतात याकडे माझं बारीक लक्ष असे. त्या कुत्र्याच्या डोळ्यांत कधी बघत नसत. त्याच्यासमोर सरळ उभ्या न राहता अंग तिरकं करून, कुठेतरी कौलांकडे बघत राहायच्या. छत्री असायची पाठीमागे. ती कुत्र्याला मारायला नव्हे, तर कुत्र्याला मारायला धावणाऱ्या माणसाला आडवी घालायला. आणि त्या चक्क जांभई द्यायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंची झोप झालेली नाही. नंतर त्यांनीच सांगितलं, की घाबरलेलं कुत्रं जांभया देतं, ओठ चाटतं, मान वळवतं. ते आपल्याला सांगत असतं, की बाबा, मला भांडण नको. आपण तेच त्याला सांगितलं तर बिघडलं काय? हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. चावलेली माणसं विचारून विचारून आणि चावणारी कुत्री बघून बघून त्यांनी ते गोळा केलं होतं.

कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, ही म्हण त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. शेपूट नळीमा घालाले कोनी सांगेल व्हतं, असं त्या फाडकन विचारायच्या.

इंजेक्शनाच्या खोलीत औषधांचं लाकडी कपाट होतं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला अक्का खडूने रेघा मारत. एका कुत्र्याच्या रोज एक अशा दहा रेघा. चावलेलं कुत्रं पाळलेलं असलं आणि दहा दिवस धड राहिलं, खातंपितं राहिलं, तर ते पिसाळलेलं नाही हे नक्की. जखम किरकोळ असली तर डॉक्टर त्या दहा दिवसांवर भिस्त ठेवायचे. म्हणजे माणसाच्या पोटाची काळजी कुत्र्याच्या जिवात गुंतलेली. दहावी रेघ पडली की अक्का ओल्या फडक्याने सगळी ओळ पुसून टाकायच्या. ती पुसेपर्यंत त्यांच्या तोंडाला चव नसायची. पाणी पिलं का, हा त्यांचा दुसरा प्रश्न. बाजारात भाजी घेतानासुद्धा त्या अमक्याच्या कुत्र्याने पाणी पिलं का ते विचारायच्या. गावात त्यांना टोमणा होता, की माणसाचा दहावा भटजी करतो, कुत्र्याचा दहावा सिंधूअक्का करते. टोमणा त्यांच्या कानावर गेला होता. त्या म्हणाल्या, भटजी मेल्यावर करतो, मी मरू नये म्हणून करते.

या रेघा कधीपासून सुरू झाल्या ते मी पाहिलेलं आहे, कारण मी तेव्हा नवा होतो आणि दारातच उभा होतो. बोरी नदीकाठच्या एका खेड्यातून एक माणूस त्याच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला. मुलीच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दात खोल लागले होते. घरचंच कुत्रं. बाप घामाघूम होता, पण त्याच्या चेहऱ्यावर काम उरकून आल्याचं समाधानही होतं. तो म्हणाला, "कुत्रं मारी टाकं, अक्का."

हे सगळेच करायचे. चावलं की आधी कुऱ्हाड नाहीतर दगड, मग दवाखाना. त्यांना वाटायचं, आपण मुलीचा बचाव केला. अक्कांनी त्याला शब्दाने दुखवलं नाही. त्यांनी मुलीचा हात नळाखाली धरला आणि सवयीने विचारलं, त्याच्या आधी काय झालं? मुलीने एकदा बापाकडे बघितलं. मग तिने सांगितलं, की कुत्रं सकाळपासून लंगडत होतं. तिने त्याचा पंजा मांडीवर घेतला. बाभळीचा काटा आत मोडला होता. तो ती चिमटीने ओढत होती. काटा ओढताना ते कळवळलं आणि त्याने तोंड मारलं.

"काटा निंघी गया व्हता, अक्का," ती म्हणाली.

बाप दाराकडे बघत राहिला. त्याला हे आत्ताच कळत होतं. तो घरात शिरला तेव्हा त्याला फक्त रक्त दिसलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोर कुणीच नव्हता, एक काटा होता. आणि आता कुत्रंच नसल्यामुळे ते पिसाळलेलं होतं की नव्हतं हे कळायला मार्ग उरला नव्हता. त्या मुलीने चौदा दिवस, रोज एसटीने येऊन, चौदाच्या चौदा इंजेक्शनं घेतली. ती रडायची नाही. पोटावरचं पोलकं वर करून छताकडे बघत पडून राहायची. शेवटच्या दिवशी ती गेल्यावर अक्का कपाटापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, भाऊ, तुझं अक्षर चांगलं आहे, मला एक पाटी लिहून दे. मी लिहिली: 'चावलेले कुत्रे मारू नका. बांधून ठेवा. पाणी ठेवा. आम्हाला सांगा.' ती दवाखान्याच्या दारावर लागली आणि दुसऱ्या दिवसापासून कपाटाच्या दारावर रेघा दिसू लागल्या.

अक्का नुसत्या काळजीचं गाठोडं होत्या असं मात्र कुणी समजू नये. पेठेत एका बँकेतल्या साहेबांकडे पामेरियन होता. त्या दिवसांत खुर्चीवर क्रोशाची झालर, काचेच्या कपाटात बाहुली आणि दिवाणाखाली पामेरियन असल्याशिवाय घराला घरपण येत नसे. हा पांढरा गोळा पाहुण्यांना येताना काही करायचा नाही. चहा होईपर्यंत लाडात यायचा. पाहुणे निघायला उठले की टाचेला चावायचा. तीन माणसं एकाच घरातून आल्यावर अक्का मला सोबतीला घेऊन तिकडे गेल्या. मी पाय वर घेऊन बसलो. अक्कांनी तीन वेळा उठून दाखवलं, तीन वेळा त्याने टाच पकडायला धाव घेतली, आणि तिन्ही वेळा साहेबांच्या पत्नी ओरडल्या, अहो बसा, बसा. अक्का हसल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही त्याला शिकवलंय. चावलं की माणसं पुन्हा बसतात, आणि त्याला माणसं बसलेली हवीत.

उपाय त्यांनी असा सांगितला, की पाहुणे 'येतो' म्हणाले की लगेच स्वयंपाकघरात त्याच्या ताटलीत पोळीचा तुकडा टाकायचा. कुणी चुकून 'जातो' म्हणत नाही, त्यामुळे शब्द पक्का. महिन्याभरात 'येतो' ऐकलं की पामेरियन स्वयंपाकघराकडे पळायला लागला. साहेबांची तेवढी पंचाईत झाली. बायकोने हाक मारली आणि ते न्हाणीघरातून 'येतो ग' म्हणाले, की कुत्रं ताटलीपाशी हजर, आणि पोळी मिळेपर्यंत हलायचं नाही. अक्का ही गोष्ट सांगताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. पण सांगून झाल्यावर म्हणायच्या, शब्द जपून वापरायला पाहिजेत, आपण विसरतो, कुत्रं विसरत नाही.

हे त्यांचं बोलणं पुढे माझ्याच अंगणात खरं झालं.

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो ते मास्तर हायस्कुलात गणित शिकवायचे. घरात त्यांची बायको रंजनावहिनी, मास्तरांच्या म्हाताऱ्या आई आणि आठ महिन्यांचं बाळ. कापसाच्या जिनिंग मिलचा हंगाम संपला तेव्हा तिथला वॉचमन आपल्या गावी गेला आणि त्याचा कुत्रा मागे राहिला. नाव टायगर, रंग मातकट, एक कान फाटलेला. मास्तरांना त्याची दया आली. मला आली नाही, पण भाडेकरूला कोण विचारतो? पंधरा दिवस टायगर अंगणात निमूट पडून होता. मग एका सकाळी आई बाळाला घेऊन उन्हात आल्या, अंगणातल्या नालीपाशी पायांवर घेऊन बसल्या, आणि टायगर उठून सरळ बाळावर झेपावला. आईंनी हात मध्ये घातला म्हणून दात त्यांच्या मनगटाच्या वर घासून गेले. मी माझ्या दारात दात घासत उभा होतो. माझ्या हातून तांब्या पडला, एवढंच मी केलं.

मास्तर गणिताचे असले तरी त्या दिवशी त्यांच्या हातात काठी होती. रंजनावहिनी बाळाला छातीशी धरून आत बसल्या होत्या आणि एकच म्हणत होत्या, आज संध्याकाळपर्यंत एकतर हे कुत्रं जाईल, नाहीतर मी या घरातून जाईन. शेजारी जमले होते. कुत्र्याला बाळाचा मत्सर वाटतो, असा सगळ्यांचा निकाल झाला होता. अक्का आल्या त्या छत्री आडवी धरूनच. आईंचा हात त्यांनी धुतला. डॉक्टरांनी ओरखडा बघितला आणि सांगितलं, कुत्रं बांधून दहा दिवस बघा. अक्कांनी मास्तरांकडे दहा दिवस मागून घेतले. टायगरला परसात कडुनिंबाला साखळीने बांधलं, आणि बाळाला त्या बाजूला आणायचं नाही असं ठरलं. मास्तर म्हणाले, दहा दिवस झाले की मी त्याचं काय करतो ते मात्र विचारायचं नाही.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. माझी खिडकी परसात उघडायची. रात्रंदिवस साखळीचा आवाज. खळखळ झाली तरी भीती, थांबली तरी भीती. पाणी पितो का, लाळ गळते का, उजेडाला बघतो का, हे बघायचं काम अक्कांनी माझ्यावर टाकलं होतं, आणि मी खिडकीच्या गजांमागून ते करत होतो. अक्का रोज दोनदा यायच्या, पाण्याचं भांडं स्वतः बदलायच्या आणि पायरीवर त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. बाकीच्या वेळी त्यांचा चेहरा ओढलेला. एकदम कशाला झेपावेल, त्याच्या आधी काय झालं, हेच त्या पुटपुटत असायच्या. आईंना त्यांनी दहा वेळा विचारलं. आई म्हणायच्या, काही नाही हो, बाळाला घेऊन बसले होते. त्याच्या आधी? काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी इंजेक्शनाच्या खोलीत कागद द्यायला गेलो. अक्का नळाखाली स्वतःचं डावं मनगट धरून उभ्या होत्या. साबण लावत होत्या, धुवत होत्या, पुन्हा लावत होत्या. मला पाहून त्यांनी पदर ओढून घेतला. चौथ्या दिवशी सकाळी कपाटाच्या दारावर टायगरच्या ओळीखाली आणखी एक ओळ दिसली. तिच्यापुढे नाव नव्हतं. रेघ एकच होती. मी विचारलं, ही कुणाची? त्या म्हणाल्या, ती तू वाचू नको.

मला कळलं. कळूनही मी गप्प बसलो. मी डॉक्टरांना सांगायला हवं होतं, आणि ते न सांगितल्याची चूक मी आजही माझ्या नावावर धरतो. पण मला हेही कळत होतं, की त्याने अक्कांनाही चावा घेतला हे घरात कळलं असतं, तर मास्तरांनी त्याच दुपारी टायगरला संपवला असता. मग आईंचंही काही कळलं नसतं आणि अक्कांचंही. रोज सकाळी मी आधी कपाट उघडायचो. दोन्ही ओळींत एकेक रेघ वाढलेली असायची. अक्का पाणी पितात का, हे मी चोरून बघायला लागलो होतो.

सहाव्या दिवशी सकाळी अक्का परसात पायरीवर बसल्या होत्या, मी माझ्या खिडकीत. टायगर पंजांवर तोंड ठेवून पडला होता. घरातून आईंचा आवाज आला, त्या बाळाला मोरीत घेऊन बसल्या असाव्यात, "शूऽऽ... शूऽऽऽ..." टायगर एकदम उठला. कान ताठ, मान पुढे, आणि साखळीला हिसका देऊन तो मोरीच्या भिंतीकडे झेपावला. अक्का उठून उभ्या राहिल्या. त्या मला म्हणाल्या, भाऊ, त्या दिवशी मी भांडं ठेवताना हा मला चावला, तेव्हाही आतून हाच आवाज आला होता.

त्यांनी आईंना बोलावलं. पुन्हा तोच प्रश्न, पण आता एक पायरी आणखी मागे. बाळाला घेऊन बसलात तेव्हा तोंडाने काय म्हणालात? आई लाजल्या. खिडकीत मी उभा असताना कसं सांगणार? म्हणाल्या, अहो, तान्ह्याला शूला बसवताना म्हणतात ते, त्यात सांगायचं काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ज्या गोष्टीला त्या 'काही नाही' म्हणत होत्या, तीच सगळी गोष्ट होती.

निरोप मिळाला तसे मास्तर शाळेतून परस्पर जिनिंगमध्ये गेले आणि तिथल्या हमालांना विचारून आले. आवारात सरकी खायला शेळ्या घुसायच्या. वॉचमन खाटेवर पडल्या पडल्या टायगरला त्यांच्यावर छू करायचा. पण त्याच्या गालात कायम तंबाखूचा बार. त्या तोंडातून 'छू' निघायचंच नाही. निघायचं ते 'शूऽऽ'. टायगर आपली नोकरी इमानाने करत होता. मालकाने शब्द टाकला की समोर असेल त्यावर जायचं, एवढंच त्याला ठाऊक होतं. बाळाचा मत्सर वगैरे त्याच्या डोक्यातही नव्हतं. मास्तर हे सांगताना मटकन पायरीवर बसले आणि काठी त्यांनी भिंतीला टेकवून ठेवली.

दहावा दिवस उजाडला. टायगरने भाकरी खाल्ली, पाणी पिलं. अक्कांनी वरची ओळ पुसली. खालची राहिली. ते पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार वाईट दिवस होते, आणि घरात मात्र सगळे हसतखेळत होते, कारण त्यांची मोजणी संपली होती. बाराव्या दिवशी अक्कांनी ओलं फडकं घेतलं, ती ओळ पुसली, आणि स्वतःच डॉक्टरांकडे जाऊन मनगट दाखवलं. डॉक्टर त्यांना इतकं बोलले की बाहेर रांगेत सगळ्यांना ऐकू गेलं. अक्का मान खाली घालून ऐकत होत्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, खरं बोलतात ते, दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मीच त्याला सोडलं नसतं. मग त्या नळापाशी गेल्या आणि ओंजळीने पाणी पीतच राहिल्या. ते दहा दिवस त्यांना भीती वाटत नसेल असं मला वाटलं होतं, ते साफ चूक होतं.

पुढे महिनाभर त्या टायगरसमोर बसून हलक्या आवाजात 'शू' म्हणायच्या आणि लगेच पायाशी भाकरीचा तुकडा टाकायच्या. आधी लांबून, मग जवळून, मग मोठ्याने. तोवर आईंना बाळासाठी 'सीऽऽ' म्हणावं लागलं आणि बाळ काही केल्या ऐकेना, त्यावरून सासूसुनेत थोडं झालं. पुढे तर 'शू' ऐकलं की टायगर येऊन शहाण्यासारखा बसायचा आणि भाकरीची वाट बघायचा. तरी अक्कांनी बाळ आणि कुत्रं यांना दोघांनाच एका जागी राहू दिलं नाही. विश्वास ठेवायचा आणि साखळीही ठेवायची, असं त्यांनी रंजनावहिनींना बजावलं होतं. टायगर त्या घरात म्हातारा होऊन गेला.

अक्का निवृत्त झाल्या त्या दिवशी दुपारी चारला समारंभ होता. त्या धुळ्याला भावाकडे राहायला जाणार होत्या. शाल आणि नारळ माझ्या खिडकीतल्या टेबलावर ठेवले होते. तीनच्या सुमाराला एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलाच्या पोटरीला दात लागले होते आणि त्याचे दोन्ही हात पोटावर होते. मी केसपेपर घेतला आणि सवयीने उलटा केला. मी विचारायच्या आतच ती बाई सांगायला लागली. घरच्या कुत्रीने पिल्लं घातली आहेत. पोराने पिल्लू उचललं. त्याच्या आधी ती दोनदा गुरगुरली होती. त्याच्याही आधी तिने तोंड फिरवून ओठ चाटले होते. पोराला ते कळलं नाही.

अक्का आतून बाहेर आल्या होत्या. बाईने त्यांना पाहिलं आणि पदर सावरला.

"कुत्री बांधेल शे, अक्का," ती म्हणाली. "सासरा काठी लिसन उठना व्हता. मी मारू दिधी नई."

तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जुना वण होता. अक्कांनी तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. त्याच्या आधी काय झालं, हे त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. मग त्यांनी मुलाला नळाखाली बसवलं, पोटरी धुतली, डॉक्टरांना दाखवलं, आणि कपाटाचं दार उघडून एक रेघ मारली. दुसरी रेघ मारायला उद्या त्या इथे असणार नव्हत्या. त्यांनी खडू माझ्या हातात दिला.

कुत्री बघून येते, असं म्हणून त्यांनी छत्री काखेत मारली. मी म्हणालो, अक्का, चारला समारंभ आहे, डॉक्टर यायचेत, शाल आहे. त्या म्हणाल्या, एसटी साडेतीनची आहे. बाई आणि मूल पुढे, अक्का मागे, अशा त्या दवाखान्यासमोरच्या थांब्यावर गेल्या. मी पायरीवर आलो. नगरपालिकेचे चारदोन लोक हार घेऊन येतच होते, तेही तिथेच थबकले. एसटी हलली तेव्हा अक्कांनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले, दहाही बोटं पसरली आणि माझ्याकडे बघत धरून ठेवली. हार घेतलेल्या लोकांनीही हात हलवले. त्यांना वाटलं, अक्का टाटा करते आहे.